कॅनडातली बेकारी, पगार आणि तुमच्या कामाचे आकडे

ताई, तुम्ही विचारलंय की कॅनडात बेकारी ७ टक्क्यांच्या आसपास आणि आपल्याकडे त्याहून कमी दाखवतात, मग अंधेरीची अकाउंट्सची नोकरी सोडून टोरंटोला यावं का. मी दादरचा, बरीच वर्षं इथे कॅनडातच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हे दोन आकडे शेजारी ठेवूच नका. आपल्या सरकारच्या रोजगार पाहणीत, म्हणजे पीएलएफएसमध्ये, भावाच्या दुकानात बिनपगारी हातभार लावणाराही कामात धरला जातो, आणि बेकारभत्त्याचा आधार नसला की माणूस मिळेल ते काम धरतोच, रिकामं बसणं परवडणार कुणाला. इथे स्टॅटिस्टिक्स कॅनडा ही सरकारी आकडेवारी संस्था दर महिन्याला लेबर फोर्स सर्व्हे करतं, त्यात बेकार म्हणजे साधारणपणे ज्याला काम नाही, ज्याने गेल्या ४ आठवड्यांत शोधलंय आणि मिळालं तर जो करायला तयार आहे तो. कंटाळून शोधणंच सोडलं की तो मोजणीतून बाहेर, त्यामुळे दर उतरला म्हणून नोकऱ्या वाढल्याच असं नाही, सोबत एम्प्लॉयमेंट रेट, म्हणजे १५ वर्षांवरच्या लोकांपैकी किती टक्के कामाला आहेत तो, बघायचाच. जून २०२२ मध्ये दर ४.९ होता, सप्टेंबर २०२५ मध्ये ७.१, म्हणजे या काळात नोकरी मिळणं खरंच अवघड झालं, पण एका महिन्यात ०.१ इकडेतिकडे झाला तर त्यावर काही ठरवू नका, सॅम्पल सर्व्हे आहे तो.

तुम्ही बघायचं ते याच सर्व्हेतलं टेबल वेगळंच, इमिग्रंट्सचं, त्यात येऊन ५ वर्षं किंवा कमी झालेल्यांचा दर स्वतंत्र देतात आणि तो इथे जन्मलेल्यांपेक्षा जास्त असतो. तेही अर्धंच चित्र, कारण मुंबईत सीए असलेला माणूस इथे गोदामात आठवड्याला १५ तास खोकी उचलत असेल तरी सर्व्हेत तो नोकरीवालाच. अशी आपली माणसं बघून फार वाईट वाटतं हो.

पगाराचं म्हणाल तर ॲव्हरेजवर जाऊ नका. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे कमी पगारवाल्यांच्याच नोकऱ्या जास्त गेल्या आणि ॲव्हरेज पगार चक्क वर गेला, लोकांना पगारवाढ मिळाली म्हणून नव्हे! त्यापेक्षा सरकारी जॉब बँकेच्या साइटवर तुमचं काम आणि टोरंटो टाका, लो, मीडियन (निम्म्या लोकांना याहून कमी, निम्म्यांना जास्त मिळतो तो), हाय असे तासाचे ३ रेट येतात. नवीन माणसाने लो आणि मीडियनच्या मधला धरावा असं माझं मत. समजा ३० डॉलर आला, ऑफिसचे आठवड्याला साडेसदतीस तास धरले तर वर्षाचे १९५०, म्हणजे ५८,५०० डॉलर, त्यातून टॅक्स, सीपीपी (सरकारी पेन्शनची वर्गणी), ईआय (बेकारी विम्याचा हप्ता) कापून उरेल त्यातून भाडं द्यायचंय. आणि इथे ३० तासांपासून पुढे फुलटाइम म्हणतात, त्यामुळे ऑफर आली की तास किती ते लेखी विचारा.

तुमच्याकडे नेमकं कुठलं क्वालिफिकेशन आहे ते सांगा, मग कुठल्या नावाखाली शोधायचं ते बघू.