डेबियन लिनक्समध्ये रूटचा (मुख्य अ‍ॅडमिनचा) पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही, पॅकेजही बसत नाही. फॉरमॅट मारू का?

नका मारू. तुम्ही लिहिलंय की ठाण्यात सेकंडहँड लॅपटॉप घेऊन त्यावर डेबियन १२ टाकलं, ग्नोम डेस्कटॉपसकट. लॉगिन स्क्रीनवर रूट आत घेत नाही, सुडो (रूटच्या अधिकाराने एखादी कमांड चालवून देणारा प्रोग्रॅम) म्हणतं तुमचं नाव सुडोअर्सच्या, म्हणजे परवानगी असलेल्यांच्या, यादीत नाही, आणि एसयू करून (स्वतः रूट बनून) पॅकेज टाकायला गेलात तर ‘एलडीकॉन्फिग’ आणि ‘स्टार्ट-स्टॉप-डीमन’ सापडत नाहीत म्हणून डीपीकेजी (पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम) अडून बसतं. दुकानदार म्हणतो हार्ड डिस्क गेली. या तीन एररमध्ये डिस्कचा काहीही संबंध नाही.

इन्स्टॉल करताना डेबियन रूटचा पासवर्ड विचारतं. ती जागा रिकामी सोडली तर रूट बंद राहतो आणि तुमच्या नावाला सुडोचा अधिकार मिळतो. पासवर्ड दिलात, की कारभार रूटकडे आणि तुम्ही साधे युजर. उबुंटू या दुसऱ्या लिनक्समध्ये हा प्रश्नच विचारत नाहीत, पहिल्या युजरला सुडो आपोआप मिळतं. महापेला माझ्याकडे सर्व्हरच्या कामावर येणारी नवी मुलं उबुंटूवरच शिकलेली असतात, त्यामुळे डेबियनवर तीही इथेच अडखळतात. लॉगिन स्क्रीनवर तुमचा पासवर्ड चुकत नाहीये. ग्नोमची ती स्क्रीन डेबियनमध्ये रूटला मुद्दामच आत घेत नाही. तो नियम काढायचे उपाय नेटवर सापडतील, त्यांच्या नादी लागू नका. आणि सुडो ‘घटनेची नोंद झाली’ म्हणतं त्याला घाबरू नका, ती नोंद तुमच्याच मशीनवर होते.

आता एसयूची गंमत. २०१९ साली डेबियन १० आलं तेव्हापासून नुसतं ‘एसयू’ लिहिलं की तुम्ही रूट होता खरे, पण कमांड कुठे शोधायच्या याची यादी, म्हणजे पाथ, जुन्या युजरचाच राहतो. सोसायटीच्या सेक्रेटरीच्या खुर्चीत बसलात पण किल्ल्यांचा जुडगा स्वतःच्या घरचाच, असं ते आहे. साध्या युजरच्या पाथमध्ये ‘एसबिन’ नावाचे फोल्डर नसतात, आणि डीपीकेजीला लागणारे ते दोन्ही प्रोग्रॅम नेमके तिथेच असतात. डेबियन ९ पर्यंत नुसत्या एसयूने पाथही बदलायचा. त्या काळातले लेख वाचून लोक अजून फसतात.

म्हणून टर्मिनलमध्ये ‘एसयू’ लिहा, एक स्पेस, मग हायफन, आणि एंटर. पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर ठिपकेसुद्धा दिसणार नाहीत, तरी टाइप करत राहा. आत गेल्यावर ‘अ‍ॅडयुजर’, मग तुमचं युजरनेम, मग ‘सुडो’, असं एका ओळीत. (युजरमॉड कमांडनेही जमतं, पण त्यात ‘ए’ हा पर्याय लिहायचा राहिला तर बाकीच्या ग्रुपमधून बाहेर पडाल.) मग पूर्ण लॉगआउट करून परत या. नुसती टर्मिनलची खिडकी बंद करून भागत नाही. ‘ग्रुप्स’ कमांड दिल्यावर यादीत सुडो दिसलं की झालं. एखादं पॅकेज अर्धवट राहिलं असेल तर ‘सुडो डीपीकेजी’, पुढे ‘कॉन्फिगर’ आधी दोन हायफन लावून आणि ‘ए’ आधी एक.

लॉकची एरर (दुसरा प्रोग्रॅम पॅकेजचं काम करतोय, थांबा) आली तर बहुधा मागे आपोआप अपडेट चालू असतं. चहा पिऊन या. लॉकची फाइल डिलीट करा असं सांगणारे बरेच भेटतील, त्यांचं ऐकू नका. एपीटी (पॅकेज शोधून आणणारा प्रोग्रॅम) सीडीरॉम मागत असेल तर सोर्सेस-लिस्ट, म्हणजे पॅकेज कुठून आणायची ते लिहिलेल्या फाइलमधल्या, सीडीरॉमच्या ओळीच्या आधी हॅश (#) लावा.

लॅपटॉप जुना आहे म्हणून आणखी एक. रिलीज फाइल (पॅकेजच्या यादीसोबत येणारी, तारीख असलेली फाइल) ‘अजून वैध नाही’ असं एपीटी म्हणालं, तर आधी तारीख बघा. मदरबोर्डवरचा सेल संपला की घड्याळ काही वर्षं मागे जातं. मशीनची वेळ दुरुस्त केलीत की अपडेट चालेल, पण सेलही बदला. सहसा सीआर २०३२ असतो, घड्याळवाल्याकडे मिळतो. फक्त बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो वायर आणि कनेक्टरसकट येतो, तेव्हा जुना काढून सोबत न्या.