मोशेची ती मध्यस्थी की रदबदली?

प्रश्न असा आहे: बायबलमध्ये लोक सोन्याचे वासरू करून पुजतात, त्या प्रकरणानंतर मोशे इस्राएलांसाठी देवाला विनवतो, त्याला मराठीत ‘मध्यस्थी’ म्हणावे का? आणि दया, कृपा, करुणा हे शब्द अदलाबदल करून चालतील का?

‘मध्यस्थी’ चूक नाही, पण तिथे ती फिकी पडते. मध्यस्थ दोन्ही पक्षांपासून सारख्या अंतरावर असतो. मोशे सरळ लोकांच्या बाजूने उभा आहे. ‘क्षमा नसेल तर तुझ्या पुस्तकातून मलाच पुसून टाक’ (निर्गम ३२:३२) इथपर्यंत तो जातो. वरिष्ठापाशी दुसऱ्यासाठी शब्द टाकणे याला आपल्याकडे रदबदली हा नेमका शब्द आहे.

मूळ हिब्रूत मात्र एकच क्रियापद नाही. निर्गम ३२:११ मध्ये ‘हिल्ला पानीम’ची धाटणी आहे. पानीम म्हणजे चेहरा; रागावलेल्याचा चेहरा निवळवणे असा त्याचा रोख. इथे ‘मनधरणी’ चपखल बसते. ‘हिथपालेल’ ही साधी प्रार्थना. दुसऱ्यासाठी असेल तर बहुतेकदा सोबत ‘ब-अद’ (‘-साठी’) येते (उत्पत्ती २०:७, १ शमुवेल १२:२३). हे अव्यय नजरेतून सुटले की रदबदलीची नुसती प्रार्थना होते. तिसरे ‘पागा’ (घोड्यांशी संबंध नाही): गाठणे, गळ घालणे. उत्पत्ती २३:८ मध्ये गुहा विकत हवी म्हणून अब्राहाम हित्ती लोकांना एफ्रोनकडे शब्द टाकायला सांगतो, तिथे हेच क्रियापद आहे. म्हणजे ते व्यवहारातलेही आहे. यिर्मया ७:१६ मध्ये देव ‘या लोकांसाठी प्रार्थना करू नकोस, मला गळ घालू नकोस’ असे बजावतो, तेव्हा दुसरे आणि तिसरे एकाच वाक्यात येतात. दोन्हींना ‘विनंती’ लावली तर वाक्य लंगडे होते.

आता दयेचे शब्द. ‘रहमीम’ची नाळ ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशयाशी. १ राजे ३:२६ मध्ये खऱ्या आईच्या पोटात कालवते ते हेच. म्हणून कळवळा किंवा करुणा. ‘हेन’ म्हणजे कृपा. तो ‘एखाद्याच्या दृष्टीत’ मिळतो, त्यामुळे कृपादृष्टी आयतीच जुळते. खरी पंचाईत ‘हेसेद’ची. दावीद आणि योनाथान हे मित्र एकमेकांकडून हेसेद मागतात ती दया नव्हे. करार झालेल्यांनी पाळायची निष्ठा आहे. ‘दया’ लिहिले की हा करार पुसला जातो. माझी पसंती ‘निष्ठा’ला, आणि ती कोरडी वाटेल तिथे ‘प्रेमनिष्ठा’.

भाषांतरात घसरायला होते ती जागा गणना १४:१८. निर्गम ३४:६ मधली देवाच्या गुणांची यादी मोशे इथे देवालाच ऐकवतो, पण ‘रहूम’ (दयाळू), ‘हन्नून’ (कृपाळू) आणि ‘एमेत’ (सत्य) गाळून. मंदक्रोध आणि हेसेद मात्र ठेवतो. पाठ असलेल्या ओळीच्या ओघात ‘दयाळू, कृपाळू’ तिथे घुसडू नये. योना ४:२ मध्ये ते दोन्ही आहेत, उलट्या क्रमाने, आणि तिथे ती स्तुती नसून योनाची देवाकडे तक्रार आहे: तू असा आहेस हे ठाऊक होते, म्हणूनच मी पळालो.