वेटसूटच्या आत काय घालायचं?

प्रश्न: पुढच्या महिन्यात आमचा ग्रुप स्कूबाचा कोर्स करणार आहे. वेटसूट, म्हणजे पाण्यात ऊब राहावी म्हणून घालतात तो घट्ट रबरी सूट, तिथेच भाड्याने मिळणार पण आत काय घालायचं हे कोणी धड सांगत नाही. मैत्रीण म्हणते कॉटनचा टी-शर्ट आणि लेगिंग्ज घाल, भाऊ म्हणतो हिवाळ्यातलं थर्मल घाल म्हणजे गारठणार नाहीस, आणि नेटवर वाचलं तर काही जण चक्क आत काहीच घालत नाहीत. मला थंडी लवकर वाजते, आणि बोटीवर सगळ्यांसमोर कपडे बदलायचं टेन्शन वेगळंच. काय करू?

उत्तर: तिघांपैकी कोणाचंच ऐकू नका. आधी भावाचं घेऊ, कारण ही चूक खूप जण करतात. थर्मल ऊब देतं ते त्याच्या धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे, आणि वेटसूटमध्ये पाणी शिरणारच, म्हणजे थर्मल भिजलं की हवा गेली आणि ऊबही गेली, उरलं फक्त अंगाला चिकटलेलं जड ओलं कापड. भावाने बहुतेक ड्रायसूटबद्दल ऐकलं असणार, त्याच्या आत पाणी येत नाही म्हणून तिथे लोकरीचे किंवा फ्लीसचे जाड कपडे घालतात, तो प्रकारच निराळा.

वेटसूटमध्ये ऊब देतं ते निओप्रीन, म्हणजे बारीक बारीक गॅसचे बुडबुडे असलेलं फोमसारखं रबर. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ह्यू ब्रॅडनर या फिजिक्सवाल्या माणसाच्या हे लक्षात आलं की अंग कोरडं ठेवायची गरजच नाही, अंगाभोवतीच्या मटेरियलमध्ये गॅस अडकलेला असला की पाण्याचा पातळ थर आत आला तरी चालतं. फक्त तो थर जागचा हलता कामा नये. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं, त्यामुळे आतलं कोमट झालेलं पाणी बाहेर जाऊन सारखं नवीन गार पाणी येत राहिलं तर कितीही जाड सूट असला तरी तुम्ही कुडकुडणार, पांघरुणात शिरलेल्या माणसाचं पांघरूण कोणी दर दोन मिनिटांनी उचलावं ना, अगदी तसं.

आता मैत्रिणीचा टी-शर्ट बघा. तो ढगळ असतो, सूट चढवताना बाह्या गोळा होऊन काखेत बसतात, गळ्याशी चुण्या पडतात आणि नेमक्या त्या चुण्यांच्या फटीतून पाणी ये-जा करतं. वर शिवणी तासभर एकाच जागी घासतात ते वेगळंच. पुरुषांच्या ढगळ बर्म्युडाचंही हेच, त्यात खिसे, नाडीची गाठ, वेल्क्रो... घट्ट स्विमिंग ट्रंक घाला आणि विषय संपवा.

तुमच्यासाठी मी म्हणेन साधा वन-पीस स्विमसूट आणि त्याच्यावर लायक्राचा पातळ फुल बॉडीसूट, किंवा रॅशगार्ड (अंगाला घट्ट बसणारा पोहायचा टी-शर्ट) आणि स्विमिंग टाइट्स. बिकिनी चालते पण मानेमागे किंवा पाठीवर गाठ, धातूची रिंग असलं काही असेल तर त्याच्यावर टँकचा पट्टा बसतो आणि मग डायव्हभर तेवढंच जाणवत राहतं. लायक्राने ऊब फारशी मिळत नाही हे आधीच सांगते, पण सूट त्याच्यावरून सरसर चढतो, घासत नाही, आणि बोटीवर सूट उतरवला तरी तुम्ही पूर्ण झाकलेल्या असता, म्हणजे कपडे बदलायचं टेन्शनच गेलं. बाहीला अंगठा घालायची लूप असलेला घ्या नाहीतर बाही वर सरकत कोपरापर्यंत जाते. आणि मागची चेन लावणाऱ्याला सांगा की कापड आत अडकत नाहीये ना बघ.

थंडीचं काय मग? आधी सूटचं माप. पाठीत, कमरेशी, काखेत पोकळी राहत असेल तर लाजू नका, दुसरा मागा. ३ ऐवजी ५ मिमी जाडीचा मिळतो का विचारा. तरीही भागणार नसेल तर आत घालायला निओप्रीनचंच पातळ, टोपीवालं व्हेस्ट मिळतं, डोकं आणि मान झाकली की खूपच फरक पडतो. मात्र निओप्रीन तरंगतं, त्यामुळे व्हेस्ट घातलं तर इन्स्ट्रक्टरला आधी सांगा, शिशाचं वजन वाढवावं लागेल. आणि खाली गेल्यावर जास्त गार वाटलं तर घाबरू नका, १० मीटरवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे चेपून निम्मे होतात, सूट खरोखरच पातळ झालेला असतो.

थरावर थर चढवायच्या नादात गळा मात्र आवळू देऊ नका. मानेतल्या रक्तवाहिनीवर सारखा दाब आला तर हृदयाचे ठोके मंदावून चक्कर येऊ शकते. छाती भरून श्वास घेता येतोय का हे सूट घालून पाण्याबाहेरच तपासा.

राहिले आत काहीच न घालणारे. स्वतःचा सूट असेल तर त्यांची मर्जी. भाड्याच्या सूटात नको, तो धुतलेला असतो हे मान्य, पण त्यात लोक काय करतात हे सगळ्या डायव्हर्सना माहितीये 😄 बिचाऱ्यांचा दोष पण नाही म्हणा, पाण्यात उतरलं की हातापायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं, शरीराला वाटतं द्रव जास्त झालाय आणि किडन्या कामाला लागतात. म्हणून डायव्हच्या आधी पाणी पिणं टाळू मात्र नका, शरीरात पाणी कमी असणं डायव्हरला अजिबात परवडणारं नाही.

प्रश्न: पाळी चालू असेल तर वेटसूटच्या आत काय वापरायचं?

उत्तर: टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप, जे तुम्हाला सवयीचं असेल ते. पॅड नको, पाणी पिऊन फुगतं. आणि कप पहिल्यांदाच वापरणार असाल तर आधी घरी वापरून बघा, बोटीवर प्रयोग नकोत.

प्रश्न: सूटने मान आणि काख घासून लालबुंद होते. पेट्रोलियम जेली लावली तर चालेल का?

उत्तर: ती नको, पेट्रोलियमवाले पदार्थ निओप्रीनच्या सूटला चांगले नाहीत. वॉटर-बेस्ड लुब्रिकंट लावा किंवा उंच गळ्याचा रॅशगार्ड घाला. सूट दर वेळी गोड्या पाण्यात नीट बुडवून धुताय ना? वाळलेलं मीठ गळ्याच्या कडेला राहिलं तर तेच कातडी सोलतं.