पार्किंगची जागा अरुंद आणि गाडी मोठी एसयूव्ही, दार उघडून उतरताच येत नाही. काय करावं?

आधी जागेचं खरं माप घ्या. पट्ट्यांमधलं अंतर 2.4 मीटर असलं, तरी खांब पट्टीच्या आत आला असेल तर मोजायचं ते खांबापासून. माहितीपत्रकातली गाडीची रुंदी बहुतेक वेळा आरसे सोडून दिलेली असते, हेही ध्यानात ठेवा.

1.9 मीटर रुंद गाडी 2.4 मीटरच्या जागेत मधोमध लावली की दोन्हीकडे 25-25 सेंमी उरतात. शेजारची गाडीही तशीच असेल तर मध्ये 50 सेंमी, आणि त्यातली बरीच जागा उघडलेल्या दाराची जाडीच खाते. म्हणून मधोमध लावण्याचा हट्ट सोडा. एका बाजूला भिंत असेल तर सहप्रवाशांना आधीच उतरवा, त्यांची बाजू भिंतीकडे ठेवा, 15 सेंमी अंतर सोडून गाडी लावा आणि आरसा मिटा.

तुमची आणि शेजारची अशा दोन्ही जागा मोठ्या गाड्यांच्या असतील तर शेजाऱ्याशी बोला, सगळ्यात जास्त फायदा यातच आहे. स्टेअरिंग उजवीकडे असलेल्या दोन गाड्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या राहिल्या, तर प्रत्येक फटीत एकच चालक उतरतो. त्याऐवजी रस्त्याकडून पाहताना डावीकडची गाडी सरळ आत घाला आणि उजवीकडची रिव्हर्समध्ये लावा. दोघांची चालकाची दारं समोरासमोर येतात. दोघांनी बाहेरच्या बाजूला 15 सेंमीच सोडले, तर मध्ये 50 च्या जागी 70 सेंमी मिळतात. दोघे एकाच वेळी क्वचितच उतरतात, त्यामुळे ही फट दोघांनाही पुरते.

शेजारी तयार नसेल तर रिव्हर्सच लावा. सरळ आत वळताना आतल्या बाजूचं मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा आतून जातं आणि मागचं दार खांबाला घासतं. रिव्हर्समध्ये मागची चाकं आधी आत जातात आणि नाक बाहेर फिरतं, तिथे रस्त्याची मोकळी जागा असते. रांगेपासून साधारण एक मीटर दूर राहून जागेच्या पुढे जा, आरसे खाली झुकवून मागचं चाक दिसेल असे ठेवा, मग पूर्ण स्टेअरिंग वळवून अगदी हळू मागे या. अंतर कमी वाटलं तर तिथेच स्टेअरिंग खेळवत बसू नका. सरळ पुढे येऊन पुन्हा घ्या. नुसत्या मागच्या कॅमेऱ्यावर विसंबू नका, त्यात दाराशेजारचा खांब दिसत नाही.

चाक अडवणारा ठोकळा मागच्या चाकापासून बंपरपर्यंतचं अंतर मोजूनच बसवा. मागच्या दारावर स्टेपनी असेल तर तीही त्यात धरा. सामान आधी काढा, भिंतीला टेकल्यावर डिकी उघडत नाही.

यांत्रिक पार्किंग असेल तर तिथल्या पाटीवरचं वजन आणि उंची वाचल्याशिवाय गाडी चढवू नका. विजेवरच्या कित्येक एसयूव्हींचं रिकामं वजनच 2 टनांपुढे जातं. छतावरचा कॅरियरही उंचीत मोजा.

गाडी अजून घ्यायची असेल तर शोरूममध्ये तिचं दार पहिल्या खाचेपर्यंत, म्हणजे उघडताना ते पहिल्यांदा अडून थांबतं तिथपर्यंत, उघडा आणि दाराची कड गाडीच्या अंगापासून किती बाहेर येते ते टेपने मोजा. घरी खांब नेमका त्या दाराशेजारी येतो का, तेही पाहा. खांब पुढच्या चाकाजवळ येत असेल तर तीच अरुंद जागा चालून जाते. दारासमोर येत असेल तर लहान गाडी घ्या.