रोज बायबल वाचल्याने भीती आणि काळजी खरंच कमी होते का? सुरुवात कुठून करावी?

माझी झाली, पण पहिल्या आठवड्यात नाही. नोकरी गेली तेव्हा पहाटे साडेतीनला जाग यायची, छाती धडधडायची. पंचहौद चर्चमधल्या एका मावशींनी सांगितलं, "उत्पत्तीपासून सुरू करू नकोस, लेवीयपर्यंत पोचून सोडून देशील. स्तोत्रसंहिता घे." (उत्पत्ती हे बायबलचं पहिलं पुस्तक, लेवीय तिसरं, नियमांनी भरलेलं. स्तोत्रसंहिता म्हणजे बायबलमधलंच स्तोत्रांचं पुस्तक.)

एकूण १५० स्तोत्रं आहेत. रोज एकच, तेही मोठ्याने वाचायचं. (११९ वं मात्र तुकड्यांत, १७६ ओव्या आहेत.) मला ५६ वं धरून ठेवावंसं वाटलं. त्यात 'भिऊ नकोस' असा दम नाही. 'भीती वाटेल तेव्हा तुझ्यावर भरवसा ठेवीन' असा भाव आहे. म्हणजे भीती वाटणार, हे गृहीतच! १३ व्या स्तोत्रात तर 'किती वेळ?' अशी सरळ देवाकडेच तक्रार आहे.

मग नव्या करारातलं, प्रेषित पौलाने लिहिलेलं फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय ४. काळजी करू नका असं सांगणारा पौल तेव्हा कैदेत होता, म्हणून ते पोकळ वाटत नाही. त्यातली एक ओवी चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवली होती. स्वारगेटला बसची वाट बघताना काढायचो. चिठ्ठीच्या घड्या फाटल्या, ओवी पाठ झाली.

एक अट: वाचून होईपर्यंत मोबाईल दुसऱ्या खोलीत.

आणि झोपच उडाली असेल, श्वास कोंडत असेल तर डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबरही आहे. मी गोळ्याही घेतल्या, स्तोत्रंही वाचली. पास्टरांनी नावं ठेवली नाहीत.