अळ्या पाळणारी चित्रकर्ती

प्रश्न : आम्ही वाईजवळच्या गावात तीन वर्षांपासून रेशीम शेती करतो. मुलीने शाळेच्या ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकात मारिया सिबिला मेरियन या जर्मन चित्रकर्तीचे एक चित्र आहे. तुतीच्या एकाच फांदीवर अळी, कोष आणि पतंग, असे सारे त्यात आहे. आमच्या शेडमध्ये तर हे एका वेळी कधीच दिसत नाही. मग चित्र पाहून काढले की कल्पनेने? – एक वाचक, वाई

उत्तर : ही शंका अळ्या पाळणाऱ्यालाच यावी अशी आहे. मांडणी चित्रकर्तीची आहे. अवस्था मात्र तिने एकेक करून, जिवंत किड्यांवरून पाहिलेल्या आहेत.

मेरियन यांचा जन्म 1647 मध्ये फ्रँकफुर्टला झाला. वडील तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरणारे नामांकित कारागीर होते. ते 1650 मध्ये वारले आणि आईने याकोब मारेल या फुलांच्या चित्रकाराशी लग्न केले. त्यांच्याच हाताखाली मुलगी शिकली. तेराव्या वर्षी तिने रेशीमकीटक पाळायला घेतले. अळी चार वेळा कात टाकते आणि त्याआधी पाला सोडून, मान उचलून निश्चल बसते, हे आपल्याला ठाऊकच आहे. पण किडे चिखलातून किंवा कुजक्या पदार्थांतून आपोआप उपजतात असे त्या काळी अनेक शिकलेले लोकही मानत असत, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मुलीच्या निरीक्षणाचे मोल कळते. पुढे त्यांनी इतर अळ्याही अशाच पाळल्या. 1679 मध्ये न्यूरेम्बर्गला असताना प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या अळ्यांवरील पुस्तकात 50 चित्रे आहेत आणि पहिलेच चित्र तुतीचे व रेशीमकीटकाचे आहे. आपल्या मुलीने पाहिलेले बहुधा तेच. अळी कोणता पाला खाते, हे त्याच पानावर दाखवण्याची त्यांची ही रीत मला त्यांच्या रंगकौशल्याहूनही मोठी वाटते.

पती योहान आंद्रेआस ग्राफ यांच्यापासून वेगळ्या झाल्यावर त्या काही वर्षे एका धार्मिक वसाहतीत राहिल्या आणि 1691 मध्ये ॲमस्टरडॅमला आल्या. तेथून 1699 मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, आपली चित्रे विकून पैसा उभा करून धाकट्या मुलीसह त्या दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम या डच वसाहतीत गेल्या. तेथील मळेवाले, साखर सोडून ही बाई भलतेच काय शोधते आहे, म्हणून त्यांची थट्टा करीत, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. (उसाच्या पट्ट्यातल्या आपल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको.) तापाने त्या खंगल्या आणि 1701 मध्ये परतल्या. सुरिनामच्या किड्यांवरील 60 चित्रांचा त्यांचा ग्रंथ 1705 मध्ये निघाला. त्यात काही चुका आहेत. अळी आणि झाड यांची जोडी क्वचित जमलेली नाही.

त्या ग्रंथातील एक पान आपल्या मुलीला जरूर दाखवा. त्यावर आपल्याकडे अंगणात लावतात तो लाल-पिवळा शंकासूर आहे आणि त्यावर एक मोठी हिरवी अळी व तिचा पतंग आहे. सोबतच्या मजकुरात मेरियन लिहितात की, मळ्यांवरील गुलाम स्त्रिया या झाडाच्या बिया गर्भपातासाठी वापरतात, कारण आपले मूलही गुलाम व्हावे असे त्यांना वाटत नाही. आणि ही गोष्ट त्या स्त्रियांनीच आपल्याला सांगितली, असेही त्या नोंदवतात.