वाचकांचे प्रश्न : आंबोली कोकणात, तेरेखोल गोव्यात

प्रश्न : आंबोली घाटमाथ्यावर असूनही सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडते आणि तेरेखोलचा किल्ला नदीच्या आपल्या काठावर असूनही गोव्यात मोडतो. सीमा आखताना डोंगर-नद्यांचा विचार झालाच नाही का? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : सह्याद्रीची धार ही कोल्हापूर आणि सिंधुदुर्ग यांच्यामधली ढोबळ हद्द आहेच, परंतु जुन्या राजवटींचा अंमल जिथे या धारेपलीकडे गेला होता, तिथे पुढच्या प्रशासनाने तो बहुधा तसाच कायम ठेवला. आंबोली, चौकुळ आणि गेळे ही गावे सावंतवाडी संस्थानची. संस्थान 1948 मध्ये विलीन होऊन रत्नागिरी जिल्ह्यात आले आणि 1 मे 1981 रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ही गावे ओघानेच त्यात आली. त्यामुळे आंबोलीत उगम पावणाऱ्या हिरण्यकेशीचे पाणी आजरा, गडहिंग्लजवरून घटप्रभेत आणि पुढे कृष्णेत जाते, तर आंबोलीकराला तहसील कचेरीच्या कामासाठी उलट दिशेने, घाट उतरून सावंतवाडीला यावे लागते. याच तीन गावांतील कबुलायतदार गावकर (संस्थानशी महसुलाचा करार करून गावची जमीन सामाईकपणे धारण करणारे गावकरी) जमिनींचा प्रश्नही संस्थानी महसूल पद्धतीतूनच आलेला आहे, आणि हद्दीपेक्षा तो कितीतरी किचकट आहे.

तेरेखोलची गोष्ट निराळी. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला पोर्तुगीजांनी 1746 मध्ये घेतला. ज्या पेडणे तालुक्यात तो आज मोडतो, तो मुलूख मात्र त्यांच्या हाती 1788 मध्ये आला. म्हणजे नदीमुखावरचे ठाणे आधी आणि त्यामागचा प्रदेश नंतर, असा हा क्रम आहे. परिणामी जमिनीच्या बाजूने महाराष्ट्राने वेढलेला हा तुकडा गोव्याकडेच राहिला. गोव्यातून येणाऱ्याला केरीहून फेरीबोटीने नदी ओलांडावी लागते. आपल्याला रेडीवरून सरळ रस्ता आहे. (15 ऑगस्ट 1954 रोजी गोवा मुक्तीच्या सत्याग्रहींनी येथे तिरंगा फडकवला होता, हेही जाता जाता सांगायला हवे.)

प्रश्न : दोडामार्ग हा वेगळा तालुका कधी झाला? त्याला नेमक्या कोणत्या राज्यांच्या सीमा लागतात? (एक वाचक, शिरोडा)

उत्तर : सावंतवाडी तालुक्याचे विभाजन करून तो 1999 मध्ये करण्यात आला. त्याला गोवा आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या सीमा लागतात. तिलारी घाट चढून गेले की लागणारा चंदगड तालुका महाराष्ट्रातलाच आहे, पण तो पुणे महसूल विभागात येतो आणि दोडामार्ग कोकण विभागात. या तालुक्यात सीमेचा खरा विषय पाण्याचा आहे. तिलारी धरण हा महाराष्ट्र आणि गोवा यांचा करारानुसार उभारलेला संयुक्त प्रकल्प असून तेच पाणी पुढे शापोरा नदी होऊन गोव्यात समुद्राला मिळते. याच तालुक्यातील विर्डी परिसराचे पाणी मात्र म्हादई (गोव्यातील मांडवी) नदीच्या खोऱ्यात जाते, आणि तिथे करार न होता वाद लवादापुढे गेला. 2018 च्या निवाड्यात महाराष्ट्राच्या वाट्याला 1.33 अब्ज घनफूट पाणी आले.